कॅरियरला टांगलेली अब्रू

ऐकलंत का? थांबा, आधी दार लोटून घ्या. गोष्ट कोथरूडातल्या चांगल्या चांगल्या घरांची आहे. ज्या घरांतून दोन इंजिनिअर, एक सीए आणि अमेरिकेतला एक तरी जावई हमखास निघतो, अशा घरांतली कर्ती माणसं हल्ली सकाळी साडेसातला सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या लटकावून कामाला निघतात. उघड उघड. भर कर्वे रोडवरून. डोक्यावर हेल्मेट असतं म्हणून चेहरा पटकन ओळखू येत नाही, एवढीच काय ती देवाची कृपा.

सायकलला कोणाचा विरोध नाही हो. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य इथे प्रत्येकाला आठवड्यातून एकदा म्हणावंच लागतं, ते माझं म्हणून झालं. २०२० च्या लॉकडाउननंतर ज्याने त्याने सायकल घेतली, तेव्हाही आम्ही चकार शब्द काढला नाही. (त्याच साली ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं. काळाला विनोदबुद्धी असते, पण ती जरा खालच्या दर्जाची असते.) त्यातल्या बऱ्याच सायकलींवर आता पार्किंगमध्ये गाडी पुसायची फडकी वाळत असतात, त्यालाही आम्ही नावं ठेवली नाहीत. भानगड सुरू होते ती चिकाटीच्या लोकांपाशी. हिंजवडी नाहीतर खराडी रोज सायकलने गाठायचीच, असा पण करून जे खरोखरच जायला लागले, त्यांना लवकरच कळतं की पाठीवर सॅक असली की पाठ भिजते. नुसती दमट होत नाही, भिजते. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे असा पाचसहा किलोंचा ऐवज पाठीला चिकटून बसला की वारा लागायला जागाच उरत नाही. शिवाय ते सगळं वजन खांद्यांवरून कमरेत आणि कमरेतून सीटवर उतरतं. मग एके दिवशी कोणीतरी कानात सांगतं, ‘अरे, पॅनियर घे ना.’ झालं. सोन्यासारखा मुलगा हातचा गेला.

पॅनियर म्हणजे काय, तर कॅरियरच्या बाजूला आकड्यांनी अडकवायची पिशवी. बस्स. एवढ्या एका वाक्याच्या वस्तूवर ही मंडळी किती बोलू शकतात याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येणार नाही. मी एका बारशात दोन प्रौढ गृहस्थांना पिशवीच्या मागच्या पट्टीवर पाऊण तास बोलताना ऐकलं आहे. बाळाचं नाव काय ठेवलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि मोजमाप कशात, तर लिटरमध्ये! पिशवीचं मोजमाप आमच्याकडे किलोत असायचं. पाच किलोची पिशवी, दहा किलोची पिशवी, आणि दळणाचा डबा. आता विचारावं, ‘केवढी घेतलीस?’ तर उत्तर येतं, ‘वीस लिटर.’ ऐकणाऱ्याला वाटतं रॉकेलचा विषय चालू आहे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या आजोबांनी एका पोराला जिन्याखाली गाठलंच.

‘काय रे, किती लिटर?’

‘वीस-वीस, आजोबा. दोन मिळून चाळीस.’

‘वा! रोज सकाळी चाळीस लिटर जात असेल तर धंदा बरा आहे. आमच्याकडे अर्ध्या लिटरचा रतीब लाव.’

पोरगा हसला, पण कान लाल झाले होते. आजोबांनी वर्मावरच बोट ठेवलं होतं. या सगळ्या थाटाचा मूळ पुरुष तोच आहे हो, आपला दूधवाला. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, आकड्यांत किटल्या, वजन खाली आणि चाकाला लागून, दोन्हीकडे सारखं. त्याला कोणी गुरुत्वमध्याचा व्हिडिओ दाखवला नव्हता. उजवीकडची किटली रिकामी होत आली की तो डावीकडचं दूध तिकडे ओतायचा आणि पुढच्या वाड्याकडे वळायचा. गॅस सिलिंडरवाल्याने तर कमाल केली होती. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच, आणि असे दोन सिलिंडर आकड्यांना लोंबकळत. आजच्या परदेशी कॅरियरवर ‘२५ किलोपेक्षा जास्त भार घालू नये’ असं कोरलेलं असतं. तो आकडा त्या सिलिंडरवाल्याला वाचून दाखवला असता तर त्याने विचारलं असतं, मग बाकीचा कुठे ठेवू? मुंबईचे डबेवालेही वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत, हॅंडलला, कॅरियरला, जिथे आकडा लागेल तिथे डबे. पण तेव्हा त्याला ‘कम्यूट’ म्हणत नसत, पोट भरणं म्हणत. म्हणून चांगल्या घरातली मुलं सायकलवर बसली तरी कॅरियरला काही लावत नसत. पुस्तकं स्प्रिंगच्या चापाखाली दाबायची, आणि पडली तर पडली. बाजूला लटकवणं हे ‘त्यांचं’ काम. आता तेच काम पंधरा हजारांच्या पुढे पैसे मोजून केलं जातं, त्याला काय म्हणावं?

हो, पंधरा हजारांच्या पुढे. डोळे पांढरे करू नका, अजून पुढचं ऐका. या पंथाची काशी जर्मनीत आहे. ऑर्टलीब नावाची कंपनी, न्यूरेंबर्गजवळच्या हाइल्सब्रॉन गावी. हार्टमुट ऑर्टलीब नावाचा तरुण इंग्लंडात सायकलवर फिरत होता, पावसाने त्याचं सामान चिंब केलं, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकांतला माल ताडपत्रीखाली ठणठणीत कोरडा. घरी येऊन त्याने आईच्या शिलाई मशीनवर ट्रकच्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. म्हणजे बघा, ज्या ताडपत्रीखाली आपल्याकडे कांदा लासलगावहून निघतो, तिच्याच जातीच्या कापडाची जोडी घेण्यासाठी सी विंगमधल्या काकांनी घरच्यांना ‘किरकोळ काहीतरी मागवलंय’ असं सांगितलं. खोकं आलं तेव्हा काकू घरात होत्या. पावती खोक्यावरच चिकटवलेली होती. त्या जोडीच्या किमतीत साधी बिनगिअरची नवी सायकल येते आणि वर पैसे उरतात, हा हिशेब काकूंनी जिन्यात उभं राहून मांडला. चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

तिकडे स्वित्झर्लंडात तर याहून थोर प्रकार. झुरिचच्या दोन फ्रायटाग बंधूंनी १९९३ मध्ये ट्रकच्या वापरून टाकलेल्या ताडपत्रीच्या खांद्यावरच्या पिशव्या केल्या. कडेला सायकलची जुनी ट्यूब आणि पट्ट्याला गाडीचा सीटबेल्ट. भंगार! आणि लोक त्या रांगा लावून घेतात. आपल्याकडे जुन्या बाजारात हे तिन्ही जिन्नस एकाच ताडपत्रीवर पसरलेले असतात आणि आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

बरं, पैसे गेले ते गेले. पण नवशिके करतात काय, आधी पिशवी घेतात. रंग ठरवतात, दोन दिवस त्यावर घालवतात, मोहरी पिवळा की पेट्रोल निळा, आणि मग पिशवी हातात घेऊन सायकलपाशी जातात, तेव्हा त्यांना दिसतं की सायकलला कॅरियरच नाही. हल्लीच्या गिअरच्या सायकलींना कॅरियर देण्याची पद्धत नाही. दिसायला बोजड दिसतो म्हणे. मग आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे धाव. तो गुडघ्यावर बसतो, मागच्या चाकाच्या ॲक्सलपाशी बोट फिरवतो, सीटखाली बोट फिरवतो, आणि वर न बघता निकाल देतो, ‘साहेब, याला भोकच नाही.’

हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, आणि साठ हजारांच्या सायकलचा मालक त्या क्षणी कसा दिसतो तेही पाहिलं आहे. कॅरियरचे पाय फ्रेमला बोल्टने पक्के करायला खाली ॲक्सलजवळ दोन आणि वर सीटखाली दोन आट्यांची भोकं लागतात. शर्यतीसाठी बनवलेल्या फ्रेमला ती बहुधा नसतात, आणि कार्बनच्या फ्रेमवर तर असला संसार लादायचाच नसतो. मग सीटच्या दांड्याला आवळून बसवायचा कॅरियर मिळतो. त्याची ताकद दहा किलोच्या आसपास, आणि खड्डा आला की तो शेपूट हलवतो. पुण्यात खड्डा येत नाही, पुण्यात मध्येच थोडा रस्ता येतो, तेव्हा हलत राहतं ते शेपूट अखंड. डिस्क ब्रेक असला तर आणखी गंमत. कॅरियरचा पाय आणि ब्रेकचा कॅलिपर दोघांना एकच जागा हवी असते, आणि दोघांपैकी कोणीही ॲडजस्ट करायला तयार नसतं.

म्हणून या मंडळींतले मुरलेले लोक पिशवीबद्दल बोलतच नाहीत, ते कॅरियरबद्दल बोलतात. आणि कॅरियरबद्दल बोलताना नळीबद्दल बोलतात. मागच्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये एक जण खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढून कॅरियरची नळी मोजत होता. दहावीच्या प्रयोगशाळेनंतर मी ते यंत्र प्रथमच पाहत होते. कॅरियरच्या नळ्या कुठे ८ मिलीमीटरच्या, कुठे १०, कुठे १२ आणि कुठे १६. पिशवीचा आकडा जाड नळीच्या मापाचा आणि नळी बारीक असेल तर आकडा त्यात खुळखुळतो. वर्षभर खुळखुळला की नळीचा रंग जातो, मग ॲल्युमिनियम झिजतं. त्यासाठी पिशवीबरोबर प्लास्टिकचे चिमुकले तुकडे येतात, आकड्याच्या आत बसवायचे, ज्याच्या त्याच्या नळीच्या मापाचे. हे तुकडे काय आहेत ते न कळल्यामुळे लोक ते खोक्याबरोबर कचऱ्यात टाकतात. मग आयुष्यभर सायकल चालवताना मागून खड्-खड् आवाज येतो आणि ते सायकलवाल्याला शिव्या देतात.

आणि आपल्या बावीस इंची जुन्या सायकलींचा तो भक्कम कॅरियर? त्याच्या पट्ट्या चपट्या आणि रुंद. त्याला विलायती आकडा बसतच नाही. दूधवाल्याच्या आकड्याला मात्र काही अडत नाही. तो पट्टी, नळी, रेलिंग, काहीही पकडतो. जर्मनीने याची नोंद घ्यायला हवी.

आता टाचेचं प्रकरण. हे जरा नाजूक आहे. पिशवी कॅरियरवर बसली, आकडा चपखल, मालक खूश, पहिलं पायडल मारतो आणि टक्. दुसरं मारतो, टक्. बूट मागे येतो तेव्हा टाच पिशवीवर आपटते. ज्या सायकलीचं मागचं चाक पायडलच्या फार जवळ असतं, तिथे हे व्हायचंच. पायडलच्या मधल्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर शर्यतीच्या सायकलीत ४१० मिलीमीटरच्या आसपास असतं, लांबच्या प्रवासाच्या सायकलीत ४५० च्या. त्या चार सेंटिमीटरांत टाचेचं सगळं भाग्य असतं. दहा नंबरचा बूट असलेल्या माणसाने तर लाजबीज न धरता सायकल आणि बूट दोन्ही घेऊनच दुकानात जावं. चांगल्या पिशवीचे आकडे पट्टीवर मागेपुढे सरकवता येतात. त्यांना शक्य तेवढं पुढे ढकललं की पिशवी मागे जाते आणि टक् थांबतं. काही पिशव्यांचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेला असतो, तो फॅशनसाठी नव्हे, याच टाचेसाठी. हे कळायच्या आधी सी विंगच्या काकांनी काही दिवस पायाचा पुढचा चवडा तेवढा पायडलवर ठेवून, टाच बाहेर फेकून सायकल चालवली. लोकांना वाटलं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

खाली आणखी एक बारकी जीभ असते, कॅरियरच्या उभ्या दांडीमागे अडकणारी. ती नीट लावली नाही तर गतिरोधकावर पिशवी बाहेर फडकते आणि परत येऊन आदळते. आणि पाठीला कडक पट्टी नसलेली स्वस्त पिशवी घेतलीत तर ती परत येताना थेट आऱ्यांत शिरते. ही मात्र चेष्टेची गोष्ट नाही. चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस जागच्या जागी थांबत नाही. घेताना पिशवी मागून दाबून बघा. बोटाने वाकली तर पुढच्या दुकानात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झालं की संपलं. छे! खरी फाळणी पुढे आहे. एकच पिशवी लावायची तर डावीकडे की उजवीकडे? यावरून या लोकांत दोन तट पडले आहेत आणि चहा वेगवेगळा होतो. उजवे म्हणतात, पिशवी रहदारीच्या बाजूला असली की मागून येणारे वाहनवाले वचकून चार बोटं लांबून जातात. डावे म्हणतात, पुण्यातले वाहनवाले कोणाला वचकत नाहीत, रिक्षा पिशवीला घासून जाईल आणि सोबत तुम्हालाही नेईल, त्यापेक्षा पिशवी फुटपाथच्या बाजूलाच बरी. डावे आणखी सांगतात की चेन उजवीकडे असते, तिचं ग्रीस पिशवीच्या पोटाला लागतं. उजवे सांगतात की स्टँड डावीकडे असतो, त्यावर आधीच कललेली सायकल डावीकडच्या वजनाने अजून कलते, जमीन ओली असली की स्टँड रुततो आणि सगळं आडवं. दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच मिटत नाही. दोन्हीकडे पिशव्या लावल्या तर वाद मिटतो, पण मग सायकलची रुंदी वाढते आणि तुळशीबागेच्या गल्लीत तुम्ही स्वतःच वाहतुकीचा प्रश्न होता. हॉलंडमध्ये हा प्रश्न त्यांनी मुळातच उडवून लावला आहे. तिथली साधी माणसं दोन्ही पिशव्या मधल्या पट्ट्याने जोडलेली जोडगोळी कॅरियरवर घोड्याच्या खोगिरासारखी टाकतात आणि वर्षानुवर्षं काढतच नाहीत. पावसात, उन्हात, स्टेशनबाहेर, तशीच. इथे तशी ठेवली तर संध्याकाळी त्यात तीन केळ्यांची सालं, एक चहाचा कप आणि नगरसेवकाचं पत्रक सापडेल.

पिशवी पटकन निघणारी हवी, यावर म्हणूनच एकमत आहे. वरची मूठ ओढली की आकड्यांची कुलपं सुटतात आणि पिशवी हातात. सोय उत्तम. फक्त चोरालाही मूठ ओढता येते. त्यामुळे ही मंडळी जातील तिथे पिशवी बरोबर नेतात. बॅंकेत, दवाखान्यात, साखरपुड्यात. हातात धरली की मागचे आकडे मांडीला टोचतात, खांद्याला लावली की बरगडीला. त्यावर तोडगा म्हणून सॅक होणारी पॅनियर निघाली आहे. पट्टे बाहेर काढा, पाठीवर घ्या. मी घेऊन पाहिली. सॅक म्हणून ती जड आणि पॅनियर म्हणून ती किरकिरी, शिवाय पट्टे आत नीट खोचले नाहीत तर तेही आऱ्यांकडे जातातच. ज्याला मेट्रो गाठून पुढे चालायचं आहे त्याने घ्यावी. बाकीच्यांनी हातात धरावी आणि मांडीवर रुमाल ठेवावा.

आयटी पार्कच्या गेटवर वेगळंच नाट्य चालतं. तिथला सुरक्षारक्षक रोज म्हणतो, ‘बॅग खोला.’ आता ही पिशवी चेनची नसते. तिचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बाजूच्या बकलांनी आवळलेलं असतं, कारण पाणी रोखायची रीतच ती. साहेब बकलं काढतात, गुंडाळी उलगडतात, आत बॅटरी मारावी लागते कारण पिशवी खोल आणि काळी, तळाशी लॅपटॉप, त्यावर डबा, त्यावर कालचा टॉवेल. रक्षक टॉवेलपाशी थांबतो. मागे लाइन वाढते. पुन्हा गुंडाळी, पुन्हा बकलं. चेनवाले सॅकधारी तोवर आत जाऊन कॉफी पिऊन आलेले असतात. बाहेरचे कप्पे नसणं हा या थोर पिशव्यांचा थोर दोष आहे. किल्ल्या, ओळखपत्र, फोन सगळं एकाच विहिरीत. कप्पे केले की शिवण आली, शिवण आली की सुईची भोकं आली, भोकं आली की पाणी आलं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून चांगल्या पिशवीचे सांधे शिवत नाहीत, तापवून एकजीव करतात.

पावसाबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूची आहे, कोणाला सांगू नका. स्वस्त पिशव्यांवर ‘६०० डेनिअर’, ‘१६८० डेनिअर’ असे आकडे मिरवतात आणि विकणारा ते अशा सुरात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं पिशवी बुलेटप्रूफ आहे. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. सूत जाड आहे, एवढंच त्यातून कळतं. पाणी अडवायचं काम कापडावरच्या लेपाचं आणि सांध्यांचं. शिवलेल्या पिशवीबरोबर पिवळा रेनकव्हर येतो. तो वरून पाऊस अडवतो, पण मागच्या चाकाने खालून उडवलेलं पाणी त्याच्या तळाशी साठतं आणि पिशवी त्या तळ्यात बसून राहते. मडगार्ड नसला तर विचारूच नका. पुण्याच्या ७०० मिलीमीटरच्या आसपासच्या पावसात हे एकवेळ चालून जाईल. मुंबईत त्याच्या तिपटीने पडतो, तिथे गुंडाळीच्या तोंडाच्या पिशवीला पर्याय नाही. तिच्यावर ‘आयपी ६४’ असं लिहिलेलं असतं. सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही, चार म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी शिरत नाही. बुडवलं तर काय, याचं उत्तर त्या चारात नाही. तेव्हा मिलन सबवेत पाणी तुंबलेलं असताना कोणी धाडस करू नये.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते. पहिले पैसे कॅरियरवर घाला, चार बोल्टच्या, आणि ते बोल्ट महिन्याला एकदा पिळून बघा. मग एकच पिशवी, वीस लिटरपर्यंतची, गुंडाळीच्या तोंडाची, कडक पाठीची, मागे चमकणारी पट्टी असलेली. लॅपटॉपला आत वेगळं मऊ पाकीट, कारण पॅनियरला खड्ड्याचा हादरा थेट लागतो. पाठीवर असताना तो हादरा तुमचं अंग खात होतं. रंग भडक घ्या. आणि विलायतीच हवी असं काही नाही. आमच्या ओळखीच्या एका शिंप्याने एका पोराला जुन्या फ्लेक्सची पॅनियर शिवून दिली आहे. पाठीला प्लायवूडची फळी, आकडे रविवार पेठेतून, खर्च पाचशेच्या आत. फ्लेक्स ताडपत्रीपेक्षा पातळ असतो, म्हणून शिंप्याने दुहेरी घेतला. एकच पंचाईत झाली. डाव्या बाजूला एका भावी आमदारांचा नमस्काराचा अर्धा हात आणि ‘वाढदिवसाच्या हार्दि’ एवढं आलं आहे. चौकात लोक हात जोडतात. तो पोरगा आता खाली मान घालून जातो.

सगळ्यात ताजी बातमी मात्र शेवटाला राखून ठेवली आहे, आणि ती सी विंगचीच आहे. परवा काकूंनी डब्याबरोबर ताकाची बाटली दिली, झाकण अर्धवट लागलेलं. बाणेरच्या चढापर्यंत सगळं ठीक होतं, पुढे एका खड्ड्यात झाकणाने प्राण सोडला. सॅक असती तर पाठीवरून ओघळ आला असता, काकांना तिथल्या तिथे कळलं असतं. पण पिशवी पडली अस्सल जलरोधक. बाहेरचं आत येत नाही तसं आतलं बाहेर जात नाही. एक थेंब गळला नाही. गेटवर गुंडाळी उलगडली तेव्हा आत मीठ-जिऱ्याचं तळं, त्यात टॉवेल, टॉवेलखाली चार्जर, आणि लॅपटॉप त्या मऊ पाकिटात अर्धा बुडालेला. रक्षकाने आत बॅटरी मारली, वास घेतला आणि ‘जा साहेब’ म्हणाला. पहिल्यांदाच लवकर सोडलं.

लॅपटॉप ऑफिसचा होता, त्यावर अजून मेलामेली चालू आहे. पिशवी गच्चीवर उलटी करून वाळत घातली आहे, आणि बी विंगमधल्या काकू कालपासून दोनदा वर जाऊन ती बघून आल्या. त्यांना एवढंच जाणून घ्यायचंय, वीस लिटरच्या पिशवीत पातेलं न ठेवता इडलीचं पीठ नेलं तर लग्नघरापर्यंत आंबेल का.